चाकांचा ऋतु

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसविणारा लोहार ती आधीं भट्टींत तापवी, लाल झालेली धाव लांकडी चाकावर चढवी आणि वर पाणी ओतून आवळून घेई. एकदां बसलेली धाव चैत्रांतही तीच आणि श्रावणांतही तीच. ऋतु पाहून धाव बदलण्याचा प्रश्न शेतकऱ्यापुढें कधीं आला नाहीं. पण १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन डनलप यांनीं हवा भरलेला रबरी टायर सिद्ध केला, आणि तेव्हांपासून चाक ऋतूच्या स्वाधीन झालें. रबर थंडींत ताठरतें, उन्हांत मऊ होतें, आणि पाण्यांत त्याची पकड त्यावर कोरलेल्या खांचांच्या आधारावर राहते.

हा विषय आज पिंपरी-चिंचवडच्या पुष्कळ घरांत निघतो. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. या पट्ट्यांत मोटारी तयार होतात, तशा त्या विकतही घेतल्या जातात. आणि अलीकडे चारही चाकांना जोर देणारी, डोंगरांत जाणारी उंच गाडी घेण्याची हौस वाढली आहे. मात्र अशी गाडी आठवड्याचे पांच-सहा दिवस निगडीहून किंवा भोसरीहून चाकणला कामावर जाते आणि एखाद्या रविवारींच ताम्हिणी, भीमाशंकर किंवा राजमाचीच्या वाटेला लागते. तिच्या चाकांवर टायर कोणते असावेत? वर्षाला एकच संच पुरे, कीं ऋतूप्रमाणें दोन ठेवावेत?

ऋतूप्रमाणें टायर बदलण्याची चाल मूळची थंड देशांतली आहे. उष्णतामान सुमारें ७ अंशांच्या खालीं उतरलें म्हणजे साध्या टायरांचें रबर ताठ होऊं लागतें. म्हणून तेथें हिंवाळ्यासाठीं अधिक मऊ रबराचे आणि बारीक चिरांचे टायर वेगळे ठेवतात. बर्फाळ रस्त्यावर असे टायर असलेच पाहिजेत, असा स्पष्ट नियम जर्मनीनें २०१० सालीं केला. पुण्याच्या परिसरांत एखाद्या पहांटे पारा दहाच्या खालीं गेला तरी दुपारीं ऊन तापतेंच. हिंवाळी टायर येथें आणला तर तो एप्रिल-मेच्या डांबरावर अकारण झिजून जाईल. आपल्याकडे चाकाला विचारांत घ्यावा असा ऋतु एकच, आणि तो म्हणजे पावसाळा.

बाजारांत या गाड्यांसाठीं मुख्यतः तीन जातींचे टायर मिळतात. पहिला हमरस्त्याचा, ज्याला दुकानदार एचटी म्हणतात. याचे ठोकळे जवळजवळ, खांचा अरुंद आणि आवाज कमी. दुसरा उभयोपयोगी, म्हणजे एटी. याच्या खांचा अधिक रुंद व खोल, आणि कडेचे ठोकळे मातींत रुतून पकड घेतील असे. तिसरा चिखलाचा, म्हणजे एमटी. याचे ठोकळे मोठे आणि विरळ, कीं मधें अडकलेला चिखल चाक फिरतांच बाहेर फेंकला जावा.

पावसाळा म्हटला कीं चिखल आठवतो, आणि चिखल म्हटला कीं तिसरा टायरच योग्य, असें सहज वाटतें. येथेंच पुष्कळांची फसगत होते. चाकणला जाणाऱ्या मोटारीच्या वाट्याला पावसाळ्यांत येतें तें बहुधा ओलें डांबर आणि ओलें काँक्रीट. चिखलाच्या टायराचे ठोकळे विरळ असल्यामुळें रस्त्याला टेंकणारें रबर कमी भरतें. ते उंच असल्यामुळें ब्रेक दाबतांच लवतात. आणि ओल्या पृष्ठभागावरील पाण्याचा पातळ थर कापणाऱ्या बारीक चिरा त्यांवर थोड्या असतात. परिणामीं गाडी थांबायला अधिक अंतर लागतें. पुढें मालानें भरलेला कंटेनर अचानक उभा राहिला, तर त्या अधिकच्या अंतराची किंमत काय होते, हें नाशिक रस्त्यावरून रोज जाणाऱ्या घरांस सांगावयास नको.

या धोक्याचें एक गणितही आहे. रस्त्यावर पाणी सांचलें आणि वेग वाढला, म्हणजे चाकाखालचें पाणी वेळेवर बाजूस होत नाहीं. त्याची पाचर बनते व चाक पाण्यावर तरंगूं लागतें. मग सुकाणू फिरविलें तरी गाडी वळत नाहीं. अमेरिकेंतील नासा या संस्थेच्या संशोधकांनीं १९६० च्या दशकांत विमानांच्या चाकांवर प्रयोग करून यासाठीं एक सोपें सूत्र बसविलें. टायरांतील हवेचा दाब दर चौरस इंचाला किती पौंड आहे तें पाहून त्याचें वर्गमूळ काढावें व त्यास १६·७ नें गुणावें. येणारा आंकडा म्हणजे चाक तरंगूं लागण्याचा ताशीं किलोमीटरांतील वेग. ३२ पौंडांस हा वेग सुमारें ९४ येतो; २० पौंडांस तो ७५ पर्यंत खालीं येतो. हें सूत्र खांचांत मावणार नाहीं इतकें पाणी असतांना लागू पडतें, आणि मोटारीचा रुंद टायर याहूनही कमी वेगांत तरंगूं शकतो.

यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, कीं खांचा जितक्या खोल तितकें अधिक पाणी त्या पोटांत घेतात, म्हणून झिजलेल्या टायराचा खरा धोका पावसांतच दिसतो. दुसरी अशी, कीं डोंगरांत चिखलावर पकड यावी म्हणून पुष्कळ जण चाकांतील हवा कमी करतात. तेथें तें योग्यच आहे. पण परततांना हवा न भरतां तशीच गाडी द्रुतगति मार्गावर घातली, तर टायर तापतो आणि पाण्यावर तरंगण्याचा वेगही खालीं येतो. हवा भरण्याचा लहान पंप गाडींत असणें हा या हौशीचाच एक भाग समजावा.

मग निवड कशी करावी? ज्या घरची गाडी वर्षांतून एकदोनदांच कच्च्या वाटेवर जाते, तिला हमरस्त्याचा चांगला संच बारा महिने पुरतो. जी महिन्या-पंधरा दिवसांनीं मावळांत किंवा भोरकडे जाते, तिला उभयोपयोगी टायर योग्य. मात्र त्यांतही ज्याच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा भरपूर आहेत असा सौम्य प्रकार घ्यावा. २०२२ सालीं केंद्र सरकारनें मोटारींच्या टायरांसाठीं ओल्या रस्त्यावरील पकड, गडगडतांना होणारा विरोध आणि आवाज यांच्या कसोट्या जाहीर केल्या. खरेदी करतांना दुकानदाराला ओल्या पकडीविषयीं विचारण्यास संकोच करूं नये. दोन संचांचा खर्च सार्थकीं लागतो तो तिसऱ्या घरीं, जेथें पावसाळ्यांतील बहुतेक रविवार चिखलांत जातात. अशा घरानें चिखलाचे टायर स्वतंत्र चकत्यांवर चढवून ठेवावेत, शनिवारीं ते लावावेत आणि सोमवारच्या कामाला रोजचा संच पुन्हा बसवावा. जून ते सप्टेंबर चिखलाचे टायर लावून रोज कारखान्यांत जाणें म्हणजे ज्या ऋतूंत डांबरावरची पकड सर्वांत मोलाची, त्याच ऋतूंत ती सोडून देणें होय.

एकच संच ठेवणाऱ्यालाही ऋतूचा लाभ घेतां येतो, आणि त्याला अधिक पैसा लागत नाहीं. कायद्यानें मोटारीच्या टायराची खांच निदान १·६ मिलिमीटर असावी लागते. पण ३ मिलिमीटरांच्या खालीं गेलेला टायर पावसांत भरंवशाचा राहत नाहीं. पुष्कळ जण उन्हाळा काढतात, पावसाळाही रेटतात, आणि दिवाळीला नवे टायर घेतात. हा क्रम उलटा करावा. खरेदी मे महिन्यांत करावी, म्हणजे सर्वांत खोल खांचा सर्वांत ओल्या महिन्यांस मिळतात व पुढील कोरडे आठ महिने तोच टायर सुखानें चालतो. पहिल्या सरींच्या वेळीं तर धूळ आणि अवजड वाहनांचें सांडलेलें तेल मिसळून रस्ता निसरडा झालेला असतो. तेव्हां नवा टायर विशेष उपयोगीं पडतो.

टायराच्या कडेवरचे आंकडे वाचतां यावेत. २५५/६५ आर १८ याचा अर्थ रुंदी २५५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारें १६६ मिलिमीटर, आणि चकतीचा व्यास १८ इंच. शोभेसाठीं याहून मोठा टायर चढविला तर वेगदर्शक कमी वेग दाखवितो व ब्रेकवर ताण पडतो. म्हणून कारखान्यानें ठरविलेलें मापच ठेवावें. शेवटच्या चार आंकड्यांत जन्मतिथि असते: १८२५ म्हणजे २०२५ सालचा अठरावा आठवडा. सहा वर्षांनंतर खांच शिल्लक असली तरी टायर जाणत्याकडून दरवर्षीं तपासून घ्यावा.

चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचें आणखी एक पथ्य आहे. साध्या रचनेंत हा जोर चालू केला म्हणजे पुढचा व मागचा आंस एकमेकांशीं जखडले जातात. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असले तर त्यांचे घेर वेगळे पडतात, व तो फरक दांतेरी चाकांवर ताण आणतो. म्हणून जादा चाकासकट पांचही टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरांनीं आळीपाळीनें फिरवावेत, म्हणजे झीज सारखी होते.

या पट्ट्याचा एक स्थानिक शत्रूही ध्यानांत ठेवावा. कारखान्यांच्या गल्ल्यांत लेथवरून निघालेला लोखंडाचा कीस व स्क्रू रस्त्यावर पडलेले असतात. मधल्या पट्ट्यांतील पंक्चर दुरुस्त होतें. टायराची कड कापली गेली असेल तर तो टायर काढूनच टाकावा. दुसरा संच ठेवावयाचा तो थंड, अंधाऱ्या व कोरड्या जागीं ठेवावा. चालत्या विजेच्या मोटारीजवळ तो नसावा. ठिणग्यांतून उत्पन्न होणारा ओझोन वायु रबराला चिरा पाडतो.

सुमारें अठराशें किलोंची ही गाडी रस्त्याला टेंकते ती चार ठिकाणीं, आणि प्रत्येक ठिकाणीं जागा असते जवळजवळ एका पसरलेल्या पंजाएवढी. इंजिनाचा जोर, ब्रेकची ताकद, चालविणाऱ्याचें कौशल्य आणि आंत बसलेल्या मुलाबाळांचा भरंवसा हें सारें त्या चार पंजांवर तोललेलें असतें. मे महिन्यांत छत्र्या दुरुस्तीला जातात, कौलें चाळलीं जातात. त्याच यादींत टायराची खांच मापण्याचें काम घरोघर लिहिलें जावें.