परका गेला, राज्य राहिलं : व्हिएतनामी अराज्यवादाचा प्रश्न

'अराजक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दंगल आणि लूटमार येते. म्हणून आपण इथे 'अराज्यवाद' हा शब्द घेऊ. त्यातला प्रश्न साधा आहे : एका माणसाने दुसऱ्यावर हुकूम चालवावा, हा अधिकार त्याला दिला कुणी?

व्हिएतनामचा इतिहास आपण बहुधा एकाच धाग्याने वाचतो. आधी चीन, मग फ्रान्स, मग अमेरिका. परका आला आणि देश लढला. हे खरंच आहे. पण या कथेत राज्य आणि जनता एक होऊन बसतात. आपलं सरकार आलं की गोष्ट संपली! अराज्यवादी तिथे थांबत नाही. तो विचारतो, आता सामान्य माणसाला सरकारविरुद्ध बोलता येतं का?

व्हिएतनामीत एक जुनी म्हण आहे. तिचा भावार्थ असा की राजाचा कायदा गावाच्या रिवाजापुढे हरतो. मग गाव म्हणजेच स्वातंत्र्य का? तसंही नाही. गावचा कारभार तालेवारांच्या हाती असे. बायका आणि भूमिहीन यांना त्यात जागा नव्हती. म्हणजे राज्य लांब असलं तरी सत्ता जवळच होती. हे विसरून चालणार नाही.

नेमकं हेच न्गुयेन आन निन्ह यांना दिसलं. १९०० सालचा त्यांचा जन्म. पॅरिसला कायदा शिकून ते परतले आणि १९२३ साली सायगॉनमध्ये 'ला क्लॉश फेले', म्हणजे 'फुटकी घंटा', हे फ्रेंच वृत्तपत्र त्यांनी काढलं. फ्रेंचच का? कारण व्हिएतनामी पत्रांवर सेन्सॉरचा हात जास्त कडक होता. त्यांचा रोख केवळ फ्रेंचांवर नव्हता. मुलाने बापापुढे, प्रजेने राजापुढे मान तुकवावी, ही कन्फ्यूशियन उतरंड तरुणांच्या मनातून जायला हवी, असं ते म्हणत. आपले रवींद्रनाथ त्यांना जवळचे वाटत, त्याचं हेही एक कारण असावं.

पण विचार एकट्याने करता येतो, साम्राज्याशी एकट्याने लढता येत नाही. १९३०च्या दशकात निन्ह 'ला ल्युत' या पत्राभोवती कम्युनिस्ट आणि ट्रॉट्स्कीवादी यांच्यासोबत उभे राहिले. १९३७ साली ही एकजूट फुटली. निन्ह १९४३ साली पूलो काँदोर बेटावरच्या फ्रेंच तुरुंगात वारले.

पुढे १९४५ साली क्रांती झाली, आणि त्याच वर्षी ट्रॉट्स्कीवादी नेते ता थू थाऊ यांना व्हिएत मिन्हच्या लोकांनी ठार केलं. त्यांचे साथी न्गो वान पुढे फ्रान्सला गेले. पक्षाऐवजी कामगारांच्या स्वतःच्या समित्यांवर त्यांचा विश्वास बसला, आणि हरलेल्यांचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला.

आता कुणी म्हणेल, शिस्तबद्ध पक्षाशिवाय फ्रान्स गेला असता का? आक्षेप वजनदार आहे. अराज्यवाद्यांकडे त्याचं पुरेसं उत्तर नव्हतं, हे आपण मान्य करू. पण त्यामुळे त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही. स्वातंत्र्याच्या लढ्यात बरोबर असलेल्या, पण वेगळं बोलणाऱ्या माणसाचं नव्या राज्याने काय केलं, हे विचारल्याशिवाय त्या लढ्याचा इतिहास पुरा होत नाही.