स्विचची दप्तरदारी

हैदराबादेत तारनाका येथील ज्या सरकारी दप्तरखान्यात शाहजहान आणि औरंगजेब यांच्या अमदानीतील फारसी कागद जतन केलेले आहेत, तेथे एकदा शिरलेली नोंद शतकानुशतके टिकते. परंतु त्याच शहरात 1998 साली उद्घाटन झालेल्या सायबर टॉवर्ससारख्या इमारतींत, संगणकांना परस्परांशी जोडणारा स्विच नावाचा जो मुका कारकून असतो, त्याच्या वहीतील नोंदीची मुदत बहुधा 300 सेकंदांचीच असते.

जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला 48 बिटांचा मॅक पत्ता असतो. माहितीचा लखोटा ज्या पोर्टातून आत येतो, त्यावरील प्रेषकाचा पत्ता वाचून ‘हा इसम या दाराशी राहतो’ असे स्विच टिपून ठेवतो. आणि प्राप्तकर्त्याचे नाव वहीत न सापडल्यास, दवंडी पिटावी तसा, तो लखोटा आल्या दाराखेरीज त्या जाळ्याच्या सर्व दारांनी रवाना करतो. मुदतीत एकही लखोटा न धाडणाऱ्याचे नाव खोडले जाते. हे निष्ठुर खरे, पण इष्टच. जागा बदललेल्याची जुनी नोंद टपाल भलतीकडे नेते.

वहीला पाने मात्र मोजकीच. कोणा खोडसाळाने खोट्या पत्त्यांचा भडिमार करून ती भरून टाकली, की नवागतांचे टपाल सर्वांच्या दारी जाऊ लागते व चोरून वाचणाऱ्याचे फावते. म्हणून पोर्टागणिक पत्त्यांची मर्यादा घालावी, आणि प्रिंटरसारख्या स्थावर उपकरणाची नोंद हाताने कायम करावी. ही कायम नोंद आपोआप पुसली जात नाही. प्रिंटर हलवताना ती काढण्याची आठवण व्यवस्थापकाने स्वतःच ठेवावी.