शोधयंत्र अनुकूलनाचे व्यावसायिक लाभ : सोलापूरचा वस्त्रव्यवसाय

शोधयंत्र अनुकूलन (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, संक्षेपाने एसईओ) म्हणजे एखादे संकेतस्थळ गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांच्या विनाजाहिरात निकालांत योग्य शोधकर्त्यास सहज सापडावे, यासाठी त्याच्या मजकुरात, रचनेत व तांत्रिक मांडणीत केलेली सुधारणा होय. संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांची संख्या वाढणे हा त्याचा दृश्य परिणाम आहे. व्यवसायाच्या दृष्टीने मात्र त्यातून होणारे अप्रत्यक्ष लाभ अधिक टिकाऊ असतात. ग्राहक काय मागतो व कोणत्या शब्दांत मागतो, हे उत्पादकाला मध्यस्थाविना कळणे हा त्यांतील प्रमुख लाभ. सोलापूरच्या चादर व टॉवेल व्यवसायाच्या उदाहरणावरून ही बाब चांगली स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगलची स्थापना केली. एखाद्या पानाकडे इतर किती व कोणती पाने दुवा देतात, यावरून त्याचे महत्त्व ठरवण्याची त्यांची पद्धत प्रभावी ठरली. त्याचबरोबर तिचा गैरफायदा घेणारेही निर्माण झाले. एकच शब्द पानभर पेरणे, विकत घेतलेले दुवे जोडणे असे प्रकार वाढल्यावर गूगलने २०११ मध्ये 'पांडा' व २०१२ मध्ये 'पेंग्विन' हे बदल लागू करून अशा पानांचे स्थान खाली आणले. त्यानंतर उपयुक्त व अस्सल मजकुराला अधिक महत्त्व आले.

नावाचा प्रश्न

सोलापुरी चादर जॅकार्ड यंत्रणेच्या साहाय्याने विणली जाते व तिची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते. 'सोलापुरी चादर' व 'सोलापुरी टेरी टॉवेल' यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकनामुळे नावाला कायद्याचे संरक्षण मिळते; परंतु शोधनिकालात पहिले स्थान मिळत नाही. इतरत्र विणलेला माल याच नावाने विकला जात असल्याची तक्रार सोलापुरात जुनी आहे, आणि शोधयंत्राला धाग्याची पारख नसते. ज्या पानावर वस्तूची माहिती सुस्पष्ट आहे ते पुढे येते, मग ते अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील कारखानदाराचे असो वा दूरच्या व्यापाऱ्याचे.

त्यात नावाच्या लेखनाची अडचण आहे. मराठीत 'चादर' व 'चद्दर' दोन्ही चालतात. हिंदी भाषक पुष्कळदा 'शोलापुरी' म्हणतात. रोमन लिपीत शहराच्या नावात ब्रिटिशकालीन 'एच' आजही आढळतो, तर 'चादर' कोणी एका 'डी'ने, कोणी दोन 'डीं'नी लिहितो. आधुनिक शोधयंत्रे यांतील बराच फरक सांभाळून घेतात. तरीही ही रूपे मजकुरात स्वाभाविकपणे येणे, विणण्याची पद्धत व मानांकन यांची माहिती देणे आणि स्वतःच्या मागावरील छायाचित्रे देणे यांमुळे अस्सल उत्पादकाची ओळख शोधयंत्राबरोबर ग्राहकालाही पटते. एरवी छापील माहितीपत्रकात जे यायला हवे होते, तेच हे काम करते.

मागणीची माहिती

गूगलच्या 'सर्च कन्सोल' या विनामूल्य साधनात संकेतस्थळ कोणत्या शब्दांच्या शोधात दिसले, किती वेळा उघडले गेले व शोधकर्ते कोणत्या देशांतील होते, याची सोळा महिन्यांपर्यंतची नोंद पाहता येते. पिढ्यानपिढ्या अडत्याच्या सांगण्यावरून रंग व आकार ठरवणाऱ्या यंत्रमागधारकासाठी ही माहिती मोलाची आहे. टॉवेलचा घाऊक खरेदीदार प्रति चौरस मीटर वजन, आकार, रंगाचा पक्केपणा व किमान मागणी यांची चौकशी करतो. घरगुती ग्राहक चादर धुतल्यावर आटेल का, असे विचारतो. हे प्रश्न नोंदीत दिसू लागले की त्यांची उत्तरे पानावर देता येतात, आणि दूरध्वनीवरील तीच ती विचारणा कमी होते. विशिष्ट आकाराची मागणी वारंवार दिसत असेल, तर तो उत्पादनाचा निर्णय ठरू शकतो. शाळांच्या गणवेशांसारख्या हंगामी मालात शोध केव्हा वाढतो हे आधी कळल्यास कापड व कारागीर यांची तजवीज वेळेवर करता येते.

स्थानिक शोध

पंढरपूर, अक्कलकोट व तुळजापूर येथे जाणारे अनेक भाविक सोलापुरात थांबतात. 'जवळचे चादरीचे दुकान' असा शोध ते भ्रमणध्वनीवर घेतात. त्यांच्यासाठी गूगल नकाशावरील व्यवसायनोंद अनेकदा संकेतस्थळापेक्षा उपयोगी पडते. पत्ता, वेळ, साप्ताहिक सुट्टी व दूरध्वनी क्रमांक अचूक असणे ही तिची पहिली अट. सुट्टीच्या दिवशी 'उघडे आहे' असे दाखवणारी नोंद ग्राहक कायमचा गमावते.

खर्च व मर्यादा

जाहिरातीचे पैसे थांबले की ती दिसेनाशी होते. चांगले पान मात्र पुढेही ग्राहक आणत राहते. म्हणून अल्प भांडवलाच्या व्यवसायास हा मार्ग परवडतो. तो फुकट मात्र नाही. मजकूर, छायाचित्रे व देखभाल यांस वेळ लागतो, आणि गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनानुसार परिणाम दिसण्यास साधारणतः चार महिने ते एक वर्ष जाते. शोधयंत्राचे नियम बदलल्यास मिळवलेले स्थान घसरूही शकते. सर्व विक्री एकाच स्रोतावर अवलंबून ठेवणे त्यामुळे धोक्याचे आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने स्पष्ट केले आहे. तशी हमी देऊन आगाऊ रक्कम मागणाऱ्या सेवादात्यांकडे संशयानेच पाहावे लागते.