नाव नसलेल्या गाड्यांचे मिरज

महालक्ष्मी, कोयना, सह्याद्री ही नावे सातारा-सांगलीकडच्या माणसाला सांगावी लागत नाहीत. या गाड्यांचे फोटो निघतात, त्यांच्या पहिल्या फेरीला हार पडतात. मालगाडीला नाव नसते, छापील वेळापत्रक नसते आणि तिला निरोप द्यायला कोणी फलाटावर येत नाही. तरीही भारतीय रेल्वेच्या वाहतूक उत्पन्नाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मालवाहतुकीतून येतो. एखाद्या जिल्ह्याने काय पिकवले, काय घडवले, काय विकले आणि काय बाहेरून आणले, हे त्या जिल्ह्यातून जाणाऱ्या डब्यांवर लिहिलेले असते. मिरजेसारख्या जंक्शनवर, सिग्नल आणि केबिन चौकटीत घेऊन काढलेला मालगाडीचा फोटो हा या दोन जिल्ह्यांच्या आर्थिक इतिहासाचा पुरावा आहे. इतर छंदांतून सहसा असा पुरावा हाती लागत नाही. आपण मराठी माणसांनी तो गोळा करण्यात फार हलगर्जीपणा केला, आणि तो अजूनही पूर्ण हातचा गेलेला नाही.

हे सांगायला मिरजच का, हे तिथल्या रुळांचा इतिहास पाहिला की कळते. सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग पुण्याहून सातारा जिल्ह्यातून १८८७ साली मिरजेला पोहोचला आणि पुढे बेळगाव, लोंढ्याकडे गेला. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने मिरज-कोल्हापूर फाटा सुरू केला. १९०७ मध्ये सांगली संस्थानाने आपल्या राजधानीपर्यंतचा छोटा फाटा जोडून घेतला. १९२७ मध्ये पूर्वेकडून, पंढरपूरहून, बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी मिरजेत शिरली. एका ब्रिटिश इंडियन कंपनीचे, दोन संस्थानांचे आणि एका खासगी लाइट रेल्वेचे रूळ अशा रीतीने एका गावात आले. यातला प्रत्येक फाटा मुख्यतः मालाचा हिशेब मांडून टाकलेला होता. कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद, पंढरपूर-लातूर पट्ट्यातला कापूस आणि धान्य बाहेर काढायचे होते. प्रवासी त्या हिशेबात अर्थातच होते, पण एवढ्या रुळांचा खर्च केवळ त्यांच्या तिकिटांवर निघाला असता असे मानणे कठीण आहे.

पुढे १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. मिरजेहून लोंढ्याकडे जाणारा मार्ग मात्र मीटरगेजच राहिला आणि पंढरपूरकडचा नॅरोगेज. म्हणजे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लोंढ्याकडचा मार्ग रुंद होईपर्यंत, दोन दशकांहून जास्त काळ, १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर अशी तीन मापे एकाच स्टेशनात नांदत होती. देशात अशी स्टेशने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. मुंबईहून गोव्याला निघालेला प्रवासी मिरजेत सामान उचलून दुसऱ्या गाडीत बसे. मालाला पाय नसतात, त्यामुळे प्रत्येक पोते माणसाच्या पाठीवरून एका मापातून दुसऱ्या मापात जाई. त्या काळात किती टन माल बदलला हे रेल्वेच्या कागदांत सापडू शकेल. पण हमाल पोते फळीवरून नेत की थेट दारातून दारात देत, पावसात माल कशाने झाकत, बायका या कामात होत्या का, तीन मापांच्या डब्यांच्या तळांच्या उंचीतला फरक कसा भरून काढत, हे प्रश्न कोणत्याही तक्त्याने सुटत नाहीत. एक स्वच्छ फोटो ते सोडवतो. त्या काळातल्या वाफेच्या इंजिनांसाठी परदेशी छांदिष्ट कॅमेरे घेऊन हिंदुस्थानभर हिंडले. त्यांचे लक्ष साहजिकच इंजिनावर असे. पोती उचलणाऱ्या माणसाकडे कॅमेरा वळवायला त्याची भाषा आणि त्याचे गाव ठाऊक असणारा माणूस हवा होता.

बार्शी लाइट रेल्वेचे डबे हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी (तेव्हाचे बार्शी रोड) ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू केला, तेव्हा त्याने एक साधी पण दूरगामी कल्पना राबवली. इंजिन असो वा वाघीण (मालाचा डबा), कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात आणि तरीही लांब, दोन बोगींवर बसलेल्या वाघिणीत भरपूर माल मावतो. ही रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर मिरज-पंढरपूर दरम्यानची तिची अरुंद वाट बंद झाली. तिच्या प्रवासी गाडीच्या आठवणी पंढरीच्या वारकऱ्यांमुळे टिकल्या आहेत. कॅलथ्रॉपची खरी हुशारी मात्र वाघिणींच्या बांधणीत होती, आणि त्यांच्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: जुन्या वाघिणींचे ठीक, पण आजची मालगाडी सगळीकडे सारखीच दिसते, एक फोटो काढला काय आणि शंभर काढले काय. हे वाघीण वाचता न येणाऱ्याचे मत आहे. प्रत्येक वाघिणीवर ११ आकडे रंगवलेले असतात. पहिले २ आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे २ ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची आहे ते, त्यापुढचे २ ती कोणत्या साली बनली ते. नंतरचे ४ तिचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा एक आकडा आधीचे आकडे बरोबर उतरलेत का हे तपासण्यासाठी. शेजारी अक्षरेही असतात. बीसीएन म्हणजे बंद वाघीण, ज्यातून साखर, खत, सिमेंट, धान्य जाते. बॉक्स-एन म्हणजे वरून उघडी, कोळशाची. बीटीपीएन म्हणजे तेलाची टाकी. भिलवडीजवळ हजारवाडीच्या तेल डेपोसाठी आलेल्या टाक्या आणि साखरेच्या हंगामात उभ्या असलेल्या बंद वाघिणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तारीख लिहिलेले असे फोटो वीस वर्षे साठले, तर कोणता माल रुळांवरून उतरून रस्त्यावर ट्रकमध्ये गेला आणि कोणता परत आला, हे डोळ्यांनी दिसेल. दोन जिल्ह्यांतली औद्योगिक ठिकाणेही रुळाच्या आधाराने उभी राहिली आहेत. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात मिळालेल्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभारली, ती कुंडल रोड स्टेशनच्या शेजारी. आज त्या स्टेशनचे नावच किर्लोस्करवाडी आहे. नांगराचे फाळ आणि पंप तिथून कोणत्या डब्यात चढले असतील, हे आपण आता कल्पनेनेच रंगवायचे.

मालगाडी दिसायला मुळात नीरस असते म्हणून तिचा फोटो निघत नाही, या समजुतीला २०१६ च्या एप्रिलने उत्तर दिले. लातूरला पिण्याचे पाणी उरले नव्हते. राजस्थानातल्या कोटा इथे वाफेने धुऊन काढलेल्या टाक्या मिरजेत आणल्या गेल्या, त्यांत कृष्णेचे पाणी भरले गेले आणि १० टाक्यांची, सुमारे ५ लाख लिटरची पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या सुटू लागल्या, प्रत्येकीत सुमारे २५ लाख लिटर. हे अंतर जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरचे आणि वाट तीच, जिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत कॅलथ्रॉपच्या मापाचे रूळ होते. वाट रुंद झाली नसती तर या टाक्या लातूरकडे एक पाऊलही सरकल्या नसत्या. त्या गाडीचे फोटो देशभर छापून आले. कारण उघड आहे: तिला 'जलदूत' हे नाव दिले गेले होते. टाक्या त्याच, इंजिन तसेच, स्टेशनही तेच. आदल्या महिन्यात तसल्याच टाक्या पेट्रोल घेऊन गेल्या, तेव्हा कोणी मान वर करून पाहिले नाही. उपेक्षेचे कारण पाहणाऱ्याच्या सवयीत आहे. २०२० च्या २८ डिसेंबरला याच मार्गावरच्या सांगोल्याहून शालिमारकडे शंभरावी किसान रेल सुटली, तेव्हाही तिला नाव होते म्हणूनच कॅमेरे आले.

आता सिग्नल आणि केबिनीकडे. मालगाडीचा फोटो मोकळ्या शेतातही सुंदर येतो. आदर्कीच्या घाटातल्या वळणांवर तर अर्ध्या किलोमीटरहून लांब गाडी पहिल्या वाघिणीपासून शेवटच्या ब्रेकव्हॅनपर्यंत एका चौकटीत मावते, आणि त्या दृश्याला तोड नाही. तरीही जंक्शनवरचा फोटो मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे गाडी कोणाच्या हुकमाने थांबते आणि सुटते ते दिसते. जुन्या केबिनीत लिव्हरची रांग असे. लाल लिव्हर थांब्याच्या सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे कुलपांचे, पांढरे रिकामे. सांधा नीट बसून कुलूप लागल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर हलतच नसे. लिव्हरांखालच्या लोखंडी पट्ट्या एकमेकींना अडवून धरत. माणसाच्या चुकीवर लोखंडाने घातलेला हा पहारा होता. केबिनवाला अंगाचा भार टाकून लिव्हर ओढी, तार ताणली जाई आणि दूर खांबावरचा हात खाली येई: सिग्नल पडला. एकेरी मार्गावर तर ड्रायव्हरच्या हाती टोकनचा धातूचा गोळा आल्याखेरीज गाडी पुढच्या स्टेशनकडे निघू शकत नसे. चामडी पिशवीतला तो गोळा वेताच्या कडीला अडकवून धावत्या गाडीशी बदलला जाई. आज हे काम पडद्यावरच्या बटणांनी आणि इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगने होते. ते अधिक वेगवान आणि अधिक सुरक्षित आहे, यात वाद नाही. जुने परत आणा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण जुन्याची नोंद ठेवणे आणि जुन्यासाठी उसासे टाकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. केबिनीची इमारत पाडली की तिच्यासोबत एका पिढीचे कौशल्य अदृश्य होते. पट्ट्यांच्या जाळ्याचा, लिव्हरच्या मुठीशी झिजलेल्या रंगाचा, खिडकीतून केबिनवाल्याला नेमके काय दिसे याचा फोटो असेल, तर ते कौशल्य निदान समजून घेता येते.

सुरक्षेचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो उडवून लावू नये. रेल्वेची मालमत्ता नेहमीच पहाऱ्यातली. स्वातंत्र्यलढ्यात याच मार्गावर शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली होती. रूळ म्हणजे सत्तेची नस हे राज्यकर्ते आणि क्रांतिकारक दोघांनाही ठाऊक होते. आजही विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठा धोका जिवाचा. मार्गावर आता २५,००० व्होल्टची तार आहे, आणि उभ्या वाघिणीवर चढणाऱ्याला तारेला हात लावावाही लागत नाही. जवळ गेला तरी वीज उडी मारते. म्हणून नियम सरळ असावा: रुळांवर पाय नाही, वाघिणीवर हात नाही, केबिनीत परवानगीशिवाय प्रवेश नाही. एवढे पाळूनही पुष्कळ उरते. रस्त्याचा उड्डाणपूल, फाटकाबाहेरची जागा, परवानगी असेल तिथे फलाट. शिवाय मालगाडीला प्रवासी गाडीसाठी लूपला घेतात, तेव्हा ती बराच वेळ उभी असते. आकडे वाचायला, उजेडाची दिशा पाहायला घाई करावी लागत नाही.

राहिली तक्रार खांबांची. विद्युतीकरणानंतर प्रत्येक चौकटीत खांब आणि तारा येतात, फोटो बिघडतो, असे जुने छायाचित्रकार म्हणतात. सौंदर्यापुरते ते खरे आहे. पण पुणे-मिरज मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण हाही त्याच इतिहासाचा पुढचा पाठ आहे, आणि नव्या खांबांशेजारी जुनी दगडी इमारत जोवर उभी आहे तोवरच दोन्ही काळ एकत्र टिपता येतात. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने १९५५ पासून पाच वर्षे नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिने रात्रीच्या झगझगीत उजेडात टिपली. त्याच्या चित्रांची ताकद इंजिनाइतकीच चौकटीतल्या माणसांत आहे. ओसरीवर बसलेली, दुकानात उभी, नदीत पोहणारी माणसे, आणि मागून जाणारी गाडी. मिरज, कराड, वाठार, लोणंद इथे असे चित्र काढायला वाफ लागत नाही. ट्रेन मॅनेजर हे नवे पदनाम मिळालेला गार्ड आहे, पॉइंट्समन आहे, फाटकापाशी उसाने भरलेला ट्रॅक्टर थांबलेला आहे.

आणि नव्या फोटोंइतकेच जुन्यांचे काम बाकी आहे. मिरजेत अनेक पिढ्या रेल्वेत गेलेली घरे आहेत. निवृत्तीच्या दिवशीचा गटफोटो, लग्नाच्या वऱ्हाडाचा फलाटावरचा फोटो यांच्या मागे कुठेतरी मीटरगेजची वाघीण, नॅरोगेजचा सांधा, केबिनीचा जिना उभा असतो. त्या फोटोंच्या पाठीवर स्टेशन, दिशा, अंदाजे वर्ष आणि मागच्या वाघिणीवरचा वाचता येईल तेवढा क्रमांक लिहून घ्यायला हवा, आणि तो लिहून घेताना त्या वाघिणीत काय भरले जाई हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला हवे. जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयाने किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने हे काम अंगावर घेतले, तर सुरुवात मिरज-पंढरपूर मार्गापासून करावी. त्या मार्गाच्या यार्डात राबलेली माणसे अजून आपल्यात आहेत.