प्रोसेसरपुढची रांग

चंद्रपूरला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ शिकवताना नुसत्या खडू-फळ्याने माझं भागत नाही. म्हणून ‘ओएस सिम’ उघडतो. जावात लिहिलेला हा मुक्तस्रोत सिम्युलेटर प्रोसेस, मेमरी, फाइल आणि डिस्कचा कारभार चित्रांतून दाखवतो. संगणकावर जावा असलं आणि सिम्युलेटर पेनड्राइव्हवर असला की नेट लागत नाही. सुट्टीत दुर्गम भामरागडला जाणाऱ्या पोरांची त्यामुळे सोय होते.

परवा ८, २ आणि २ सेकंदांची तीन कामं टाकली. आल्या क्रमाने चालवली, तर थांबण्याची सरासरी ६ सेकंद. छोटी आधी घेतली, तर फक्त २!

गडचिरोलीची एक मुलगी म्हणाली, “सर, तेंदूपत्ता संकलनाच्या फळीवर असंच पाहिजे. तीस पुडेवाल्याने तीनशेवाल्यामागे कशाला ताटकळायचं?”

“आणि तीसवाले येतच राहिले तर?”

मग मागाहून येणारी छोटी कामं वाढवत गेलो. मोठं काम रांगेतच अडकलं. यालाच ‘स्टार्व्हेशन’ म्हणतात.

त्यावर उपाय ‘राउंड रॉबिन’: प्रत्येकाला पाळीपाळीने २ सेकंद. मूळ तीन कामांची सरासरी आता ३.३३ आणि कोणीच अडकत नाही. पाळी ८ सेकंदांची केली, की सरासरी पुन्हा ६. फार लहान केली, तर कामांची अदलाबदल करण्यातच प्रोसेसरचा वेळ जातो. मधला आकडा कोणता, ते पोरं आता स्वतःच शोधतात.