तलावातील मासे पहाटे वर का येतात?

कन्नड तालुक्यातील पिशोर हे गाव अंजना नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. ही नदी पुढे पूर्णेस मिळते. गावाच्या परिसरात याच नदीवर अंजना-पळशी प्रकल्पाचा जलाशय आहे. अशा जलाशयांच्या व पाझर तलावांच्या पाण्यावर पिके पोसतात, गुरांची तहान भागते आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचा चरितार्थ चालतो. म्हणून तलावात पाणी किती आहे, एवढे पाहून भागत नाही. ते कसे आहे, हेही पाहावयास हवे. आणि ते प्रथम सांगतो तो मासा.

पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा करावे लागे व त्यात नको त्या जातींची भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी प्रमुख कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखविले. तेव्हापासून कटला, रोहू व मृगळ यांचे शुद्ध बीज केंद्रातून मिळू लागले. परंतु उत्तम बीज सोडले, वर्षभर राखण केली, आणि एका पहाटे सारे मासे पोट वर करून तरंगताना दिसले, तर सर्व श्रम व भांडवल पाण्यात जाते. असे अरिष्ट बहुधा पूर्वसूचना देऊनच येते. ती सूचना ओळखता आली पाहिजे.

प्राणवायूचा जमाखर्च

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. एका लिटर पाण्यात तो ५ मिलिग्रॅम किंवा अधिक असल्यास कार्प मासे चांगले वाढतात. ३ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास ते व्याकूळ होतात. दिवसा सूर्यप्रकाशात पाण्यातील सूक्ष्म शेवाळ प्राणवायू तयार करते. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारा पाला असे सर्वच तो वापरतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी प्राणवायूचा साठा सर्वांत कमी असतो. म्हणूनच मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

तीन प्रसंगी विशेष सावध राहावे. उन्हाळ्यात पाणी आटते व तापते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसातच. दुसरा प्रसंग पहिल्या मोठ्या पावसाचा. त्या वेळी शेण, पाला व खत वाहून येते आणि तळाचे कुजके पाणी ढवळून वर येते. तिसरा, सतत ढगाळ हवामानाचा. सूर्यप्रकाशाअभावी दिवसाची जमा घटते, रात्रीचा खर्च मात्र चालूच राहतो.

कोपरापर्यंत हात बुडवा

पाण्याची साधी परीक्षा उपकरणाविनाही करता येते. सकाळी ऊन चढल्यावर काठाच्या सावलीबाहेर, स्थिर पाण्यात कोपरापर्यंत हात सरळ बुडवावा. तळहात कोपर बुडण्याच्या सुमारास दिसेनासा झाला, तर पाणी साधारण ठीक समजावे. मनगट बुडताच तळहात नाहीसा झाला आणि पाणी गर्द हिरवे असले, तर शेवाळ अतिरिक्त झाले आहे. खाद्य व शेणखत तत्काळ थांबवावे. पाणी तांबूस गढूळ असले, तर वरच्या शेतांची माती वाहून येत आहे. पाण्याचा सामू ७ ते ८.५ असावा. मराठवाड्यातील काळ्या पाषाणाच्या प्रदेशात पाणी मुळातच अल्कधर्मी असते. यास्तव सामू तपासल्यावाचून चुना टाकू नये. सामू वाढला की पाण्यातील अमोनिया माशांना अधिक घातक होतो.

घुसमट की विष?

मासे मेल्यावर प्रथम कारण ओळखावे. प्राणवायू कमी पडल्यास मृत्यू बहुधा पहाटे होतो, मोठे मासे आधी मरतात व त्यांची तोंडे उघडी राहतात. हवेतून श्वास घेऊ शकणारी मरळ मात्र अनेकदा तग धरते. विष आले असल्यास दिवसाच्या कोणत्याही वेळी लहानमोठे सर्व मासे, तसेच बेडकांची पिले व जलकीटकही मरतात.

पहिल्या प्रकारात पंपाने तलावाचेच पाणी उंचावरून पुन्हा तलावात पाडावे, बांबूने पाणी ढवळावे आणि शक्य असल्यास विहिरीचे ताजे पाणी सोडावे. दुसऱ्या प्रकारात तेथील मासे खाऊ अथवा विकू नयेत, गुरांना ते पाणी पाजू नये, पाण्याचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावा आणि ग्रामपंचायत व मत्स्यव्यवसाय विभागास त्वरित कळवावे.

उपाय शेतातच आहे

कन्नड तालुक्यात मका, कापूस व आले ही पिके घेतली जातात. कापसावर फवारण्यात येणारी सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. फवारणीचा पंप तलावात किंवा ओढ्यात धुणे, रिकामे डबे काठावर टाकणे, पाऊस येण्याच्या बेतात असताना फवारणी करणे, या तिन्ही सवयी कटाक्षाने टाळाव्यात. शेतातील बांध दुरुस्त ठेवावेत, उताराला आडवी पेरणी करावी आणि तलावाच्या काठाने गवताचा रुंद पट्टा राखावा. हा पट्टा माती व खत अडवितो आणि गुरांना चाराही देतो. उन्हाळ्यात साचलेला गाळ काढून शेतात पसरल्यास तलाव खोल होतो व जमीन सुधारते. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना याच हेतूने सुरू केली.

तलावाचे आरोग्य काठावर नव्हे, तर वरच्या शिवारात ठरते. मासेमारी करणारा आणि शेती करणारा, दोघे एकाच पाण्याचे वाटेकरी आहेत. ग्रामकार्यकर्त्यांनी दोघांना एकत्र बसवून पंप धुण्याची जागा तलावापासून व ओढ्यापासून दूर ठरवून द्यावी आणि पावसाळ्याच्या तोंडी काही दिवस पहाटे तलावावर फेरी मारण्याची पाळी लावावी. एवढी व्यवस्था झाली, तर वर आलेला मासा वेळीच कोणाच्या तरी दृष्टीस पडेल, आणि वर्षभराची मेहनत हातची जाणार नाही.