कोळंबीची डोकी, सालं आणि प्रथिनाचा आकडा

मुंबईच्या ससून डॉकमध्ये कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात जवळून पाहावेत. एका पिळात डोकं सुटतं, पाठोपाठ साल उतरते, गर पाटीत पडतो. १० किलो कोळंबीमागे ४-५ किलो डोकी आणि सालं उरतात. या ढिगाबद्दल दोन मतं कायम कानावर येतात. एक, हा निव्वळ कचरा. दोन, वाळवून दळला की हेच फिशमील, म्हणजे कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती मासळीची पूड. दोन्ही चुकीची आहेत, आणि दुसऱ्या मतापायी कोंबड्या पाळणारा नाडला जातो.

त्याला तपासणीचा कागद दाखवतात: प्रथिन ४० टक्के. आकडा खोटा नसतो, पण तो प्रथिनाचा नसतो. नेहमीच्या तपासणीत नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. कोळंबीच्या सालीत कायटिन असतं. ते प्रथिन नव्हे, साखरेच्या जातीच्या रेणूंची चिवट साखळी. पण त्यातही सुमारे ६.९ टक्के नत्र असतं. म्हणजे शुद्ध कायटिन तपासायला दिलं तर कागदावर ४३ टक्के ‘प्रथिन’ उमटेल! भुकटीत २० टक्के कायटिन असेल, तर त्या ४० मधले साडेआठ टक्के असे फुकाचे. चांगल्या फिशमीलमध्ये ६० टक्क्यांहून जास्त प्रथिन असतं, लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लंही भरपूर. म्हणून किलोला किलो अदलाबदल केली की पिल्लांची वाढ मागे पडते. पोतं घेण्याआधी कायटिन आणि राख (म्हणजे खनिजं) किती, हे विचारायलाच हवं.

म्हणून माल टाकाऊ ठरतो का? मुळीच नाही. डोक्यात खरं प्रथिन जास्त, सालीत कायटिन आणि चुना जास्त. अंड्यावरच्या कोंबडीला कॅल्शियम हवंच असतं. कोंबडीच्या पोटात कायटिन थोडंफार फोडणारं विकरही असतं, त्यामुळे ‘साल जशीच्या तशी बाहेर पडते’ हेही खरं नाही. शिवाय सालीतल्या ॲस्टाझँथिन या रंगद्रव्याने बलकाला तांबूस रंग चढतो. अंड्याला वास मारतो ही तक्रार मात्र खरी आहे, विशेषतः तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांत. त्यांना हे खाद्य बेतानेच द्यावं.

‘दोन दिवस ऊन दाखवलं की झालं’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. डोक्यातच पाचकरस असतात. कोळंबी मेली की ते तिचंच मांस विरघळवू लागतात, आणि दमट हवेत काही तासांतच ढीग काळा पडून सुटतो. डोकी ताजी असतानाच उकळून वाळवावीत, नाहीतर बारीक करून फॉर्मिक ॲसिडमध्ये मुरवावीत, म्हणजे सायलेज करावं. हातमोजे घालूनच, कारण हे आम्ल कातडी भाजतं. आम्लामुळे कुजवणारे जंतू थांबतात, पाचकरसांचं काम चालू राहतं आणि लगदा पातळ होतो. साध्या मासळीला वजनाच्या सुमारे ३ टक्के आम्ल पुरतं. सालं मिसळली की त्यांतला चुना आम्ल खातो आणि खर्च वाढतो. सोलतानाच डोक्यांची पाटी वेगळी ठेवली, तर हा खर्च वाचतो.